किरायानाम्यावरचं नाव

भार्गवीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. पाचला लॉन्ड्रीत हजेरी. त्याआधी दोन माणसांची पोळीभाजी, केर, आणि एक दिवसाआड येणारं पाणी भरून ठेवणं. ती गजर लावत नसे. आम्ही तिच्या घराच्या नेमकं खाली राहतो. वरच्या नळाचा पहिला आवाज आला की मला किती वाजले ते कळायचं. तेहतीस वर्षं मी पाणीपुरवठ्यात पाइप जोडले. नळ कोण उघडतंय ते मला आवाजावरून ओळखता येतं. घाईचा माणूस नळ एकदम पूर्ण उघडतो आणि मग कमी करतो. भार्गवी थोडासा उघडायची, थांबायची, मग वाढवत न्यायची.

तिच्या आधी त्या घरात राहणारी बाईही नळ तसाच उघडायची. हे मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आमची इमारत नानाखेड्याला, बस स्टँडच्या मागच्या कॉलनीत आहे. मालक भय्यासाहेब तळमजल्यावर राहतात. त्यांचे पूर्वज दरबारच्या दप्तरात कारकून होते, आणि त्या घरात कागदाचा मान अजून देवाच्या खालोखाल आहे. सुहास आणि विनोदिनी नऊ वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर राहायला आले तेव्हा भय्यासाहेबांनी स्टँप पेपरवर किरायानामा केला. किरायेदार सुहास व पत्नी विनोदिनी. या दोघांशिवाय आणखी कोणी कायम राहायला आलं तर करार संपला. मग दर अकरा महिन्यांनी ते त्याच कागदाच्या मागे एक ओळ लिहायचे, ‘अटी पूर्वीप्रमाणे’, आणि तारीख टाकायचे. दोघं सही करायचे. किराया फारसा वाढला नाही.

विनोदिनी तापाने गेली. पाच दिवसांत. मूलबाळ नव्हतं. पुढच्या वेळी सुहासने एकट्याने सही केली. नाव खोडायचं का, असं त्याने विचारलं, तर भय्यासाहेब म्हणाले, “राहू दे. कागदाचं काय बिघडतं?”

दीड वर्षाने सुहास पुन्हा त्यांच्यासमोर येऊन बसला. मी तिथेच होतो, त्यांच्या गीझरचा वॉल्व्ह बदलत होतो.

“भय्यासाहेब, मी वैशाखात लग्न करून राहिलोय. मुलगी देवासची आहे. मुलगी म्हणजे, एकोणचाळीसची आहे.”

“चांगलंच आहे. एकटा माणूस घराची धर्मशाळा करतो. पण मग कागद नवा लागेल. नवा माणूस, नवा किरायानामा. पोलीस थाण्यात परत माहिती द्यायची. आणि किराया आजच्या भावाने.”

“आजच्या म्हणजे?”

“सिंहस्थ येतोय. समोरचा अग्रवाल एवढ्याच दोन खोल्यांचे दुप्पट घेतो. मी कमी घेतले तर मुलगा पुण्याहून फोन करून माझी शाळा घेईल.”

सुहास बस स्टँडजवळ तिकीट बुकिंगच्या काउंटरवर बसतो. दुप्पट किराया त्याला झेपला नसता. तो बोटांवर हिशेब करायला लागला. थोड्या वेळाने भय्यासाहेबच म्हणाले, “लग्नात तुम्ही मुलीचं नाव बदलता ना?”

“हो.”

“मग झालं. विनोदिनी ठेवा. कागद तोच, थाण्याचा फॉर्म तोच. फालतू झंझट नको.”

त्यांनी हे मदत म्हणूनच सांगितलं. सुहास थोडा हसला आणि मग हसायचा थांबला. मी नट आवळत होतो. काही बोलता आलं असतं. मी आवळलेला नट पुन्हा एकदा आवळला.

लग्न वैशाखात देवासला झालं, दहा-बारा माणसांत. आम्ही गेलो नव्हतो. ताटात तांदूळ पसरले आणि सुहासने अंगठीने नाव लिहिलं. या ठिकाणी बहुतेक नवरे अडखळतात. तांदूळ सरकतात, काना मोडतो, बायका हसतात. सुहासचा हात कुठे अडला नाही. एका दमात लिहिलं, वेलांट्यासुद्धा सुबक. हाताला सवय होती. “तेव्हा मी नावाकडे नाही, त्यांच्या हाताकडे बघत होते,” असं तिने नंतर माझ्या बायकोला, सुलूला सांगितलं. नाव बदलणार हे तिला आधी सांगितलं होतं आणि तिने हो म्हटलं होतं. आईच्या आजारपणात लग्नाचं वय गेलेलं, भावाच्या घरात तिची कॉट स्वयंपाकघरात. नाव ही तिला लहान गोष्ट वाटली.

इमारतीत आम्ही सगळे तिला विनोदिनी म्हणायला लागलो. सोपं होतं. जीभ वळलेलीच होती.

मग एकेक सुरू झालं. सिलिंडरवाला खालून “विनोदिनी जी” म्हणून ओरडायचा, ती पासबुक घेऊन उतरायची, आणि पासबुकात मागच्या सह्या दुसऱ्याच बाईच्या. एका दवाखान्यातून दर महिन्याला ठरावीक आवाजात फोन यायचा, “विनोदिनी जी, आपकी जाँच का समय हो गया है।” पहिल्यांदा ती म्हणाली, “हाँ, बोल रही हूँ।” मग तिच्या लक्षात आलं की हे यंत्र आहे आणि ते कोणाला बोलावतंय. मोरीतल्या नळाशेजारी भिंतीचा रंग हाताने घासून गेला होता. ती वाकली की तिचा हात बरोबर तिथेच टेकायचा. तिने दोन-तीनदा मुद्दाम दुसरीकडे टेकवून पाहिला. तिथे तोल जात होता.

सुहास तिला विनू म्हणायचा. तिच्या लक्षात आलं की तो दोन प्रकारे हाक मारतो. समोर असली की आधी किंचित थांबतो, मग म्हणतो, विनू. आंघोळ करताना टॉवेल मागायचा असला की थांबत नाही. “न थांबता मारलेली हाक माझी नसते,” ती सुलूला म्हणाली. “पण टॉवेल मलाच द्यावा लागतो.”

श्रावणात ती कॉलनीतल्या शिंप्याकडे कापड घेऊन गेली. त्याने नाव विचारलं, तिने सांगितलं, मजलाही सांगितला. शिंप्याने वही चाळली आणि म्हणाला, “आपका एक पड़ा है, बहनजी। दो साल से ऊपर हो गए। मैंने सोचा शहर छोड़ गए।” आणि वरच्या फळीवरून पिशवी काढली. आत मोरपंखी रंगाचा ब्लाउज, काठाला तांबूस धागा. त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. तिने पिशवी घेतली.

घरी येऊन घालून पाहिला. नवा ब्लाउज पहिल्यांदा कुठेतरी दाटतोच, काखेत नाहीतर दंडाला. हा कुठेच दाटला नाही. तिने कपाट उघडून या रंगाची साडी शोधली. सापडली नाही. संध्याकाळी सुहासला दाखवला. त्याने ब्लाउज हातात घेऊन काठाच्या धाग्यावर बोट फिरवलं.

“कापड तिला आधी आवडलं, म्हणून घेतलं. साडी दिवाळीला घेणार होती.”

“मग?”

“दिवाळी आली कुठे?”

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवरा असताना गेलेल्या बाईचं त्या दिवशी श्राद्ध करतात, आणि तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालतात. दुसरी बायको घरात आली तरी हे चुकत नाही, उलट वाढायचं तिनेच. सवाष्ण म्हणून सुलूला सांगितलं होतं. सकाळी मी सुहास आणि त्याच्या बायकोबरोबर राम घाटावर गेलो. तांदळाचं पीठ, तीळ, दर्भ आणि तांब्या अशी पिशवी माझ्याकडे होती.

घाटावर गर्दी होती. श्राद्धाचे विधी करणाऱ्या आमच्या पंड्याने वही उघडली. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, हात भराभर चालणारा.

“दिवंगत का नाम?”

“विनोदिनी,” सुहास म्हणाला.

“धर्मपत्नी साथ में हैं? इनका नाम?”

“विनोदिनी.”

पंड्याचं पेन थांबलं. “भैया, जो गईं उनका बताओ, फिर जो बैठी हैं उनका बताओ।”

“दोघींचं तेच आहे. दोनों का यही है।”

“तो जल किसको पहुँचेगा?”

तो टोमणा मारत नव्हता. कामातली अडचण विचारत होता. वॉल्व्हवर नंबर नसेल तर मीही असंच विचारायचो, पाणी कुठल्या गल्लीत सोडू म्हणून. पंड्याने थोडा विचार केला, ‘प्रथम पत्नी’ असा शब्द पुढे जोडला आणि विधी सुरू केला. पण मंत्र म्हणताना तो घाईत होता. दोनदा प्रथम म्हणाला, तिसऱ्यांदा राहिलं. नुसतंच विनोदिनी म्हणून त्याने सुहासकडून पाणी सोडवलं. ती शेजारी बसली होती. पाणी पडताना तिने पदर ओढून गुडघे झाकले, अंगावर थेंब येऊ नयेत म्हणून. मी बघितलं.

घरी येऊन ती लगेच कामाला लागली. वडे तळले, खीर केली, पाट मांडला, रांगोळी काढली. सुलू पाटावर बसली. वाढताना खीर पानाबाहेर सांडली.

“काय होतंय गं?” सुलू म्हणाली.

“काकू, आज माझ्या नावाने पाणी सोडलं. मी बसून बघितलं.”

सुलूने घास खाली ठेवला. “तुझं आधीचं नाव काय?”

तिने सांगितलं ते सुलूला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

“भार्गवी. वडील शाळामास्तर होते. त्यांनी ठेवलेलं. ते कधी तोडून म्हणत नसत, पूर्ण म्हणत.” मग म्हणाली, “पाच महिने झाले. इथे कोणी विचारलं नव्हतं.”

ही गोष्ट खरी होती. मीही विचारलं नव्हतं. मी दाराशी उभा होतो. सुहास आतल्या खोलीत होता आणि त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

सुलू पुन्हा जेवायला लागली. “भार्गवी,” ती मोठ्याने म्हणाली, “दोन वडे वाढ. आणि खीर अशी मोजून काय वाढतेस? सवाष्ण अर्धपोटी उठली तर जिच्यासाठी जेवतेय ती मलाच येऊन विचारेल.”

भार्गवी हसली. त्या घरात ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. वडे वाढून ती मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटी भय्यासाहेबांकडे गेली.

“कागद नवा करा. माझ्या नावाचा.”

“बेटा, किराया वाढेल. दोन महिन्यांचं डिपॉझिट नव्या भावाने द्यावं लागेल, तेही आधी.”

“देईन. वरचा फरक दर महिन्याला मीच देईन.”

“एका नावासाठी?”

“तुमचं नाव भय्यासाहेब आहे. तुम्ही अग्रवाल म्हणून राहून बघा.”

भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, करार ज्येष्ठात संपतो, तोपर्यंत पैसे जमले तर बघू.

सुहासला हे पटलं नाही. आपण राहूनच राहिलोय ना इथे, मग कशाला, असं तो म्हणाला. ती म्हणाली, “तुम्ही राहताय. मी त्यांच्या जागी राहतेय.” मग त्याने खरं काय ते सांगितलं, “कागदावरून गेलं की तिचं या घरात काय उरेल?” भार्गवीने सुलूला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “वाईट नाहीत ते. मलाही तिला हाकलायचं नाही. मला फक्त तिच्यातून बाहेर यायचंय.”

नानाखेड्याला हॉटेलांच्या चादरी धुणारी एक लॉन्ड्री आहे. तिथल्या वाफेच्या पाइपांची देखभाल मी निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस करतो. सुपरवायझर शैलेंद्रला मी तिच्याबद्दल सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. हजेरी आधार कार्डावरच्या नावाने लागते. शैलेंद्रने पुकारलं, “भार्गवी बाई।” कोणी बोललं नाही. पुन्हा पुकारलं. ती माझ्यासमोर उभी होती आणि बाकीच्या बायकांसारखीच इकडेतिकडे बघत होती, कोण आहे ही म्हणून. तिसऱ्या वेळी तिचा चेहरा बदलला. तिने हात वर केला.

“सुनाई कम देता है क्या?” शैलेंद्रने विचारलं.

“आता येईल,” ती मराठीतच म्हणाली.

काम सोपं नाही. पिळून निघालेली दुहेरी चादर ओलीच असते आणि जड असते. दोघी जणींनी चार कोपरे धरायचे, एकदा झटकायची, आणि गरम रोलरमध्ये सरळ सोडायची. बोटभर तिरकी गेली तर पुढे हातभर सुरकुती पडते आणि चादर परत येते. परत आलेल्या चादरीची मजुरी मिळत नाही. नवीन बाई खांद्याने झटकते आणि तिसऱ्या दिवशी खांदा धरून बसते. मनगटाने झटकावी लागते. हे भार्गवीला दुसऱ्याच दिवशी कळलं, कोणी न सांगता. रोलर अंगठ्याला चावतो. तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या बाजूला चट्टे पडले. रोज दोघींच्या मिळून दोनशे चाळीस चादरी निघायच्या. माझ्या हिशेबाने तिच्या महिन्याला दोनपेक्षा जास्त चादरी परत आल्या नाहीत. मी तेहतीस वर्षांत जेवढी माणसं कामावर बघितली त्यांत असं काम करणारी पाच-सहा असतील.

ज्येष्ठापर्यंत तिने तीन सुट्ट्या घेतल्या. लॉन्ड्रीत आठ तास ती भार्गवी असायची, घरी जिना चढला की विनोदिनी. एकदा जिन्यात मला म्हणाली, “काका, दुसऱ्या मजल्यापर्यंत मी असते. तुमच्या दारापर्यंत.” मी म्हटलं, मग आमच्याकडे चहा घेऊन जात जा. ती रोज थांबायची नाही. पण दारावरून जाताना सुलू आतून नावाने हाक मारायची, मुद्दाम, वर ऐकू जाईल अशी.

ज्येष्ठात पैसे जमले. भय्यासाहेबांनी नवा स्टँप पेपर आणला, नोटरीकडून करून घेतला आणि सगळ्यांसमोर वाचला. “किरायेदार सुहास व पत्नी भार्गवी.” ते तिथे थांबले आणि तिच्याकडे बघून पुन्हा एकदा वाचलं. तिने सही केली. सुहासने पेन घेतलं आणि धरून ठेवलं. तांदळात न अडलेला हात इथे अडला. मग त्याने सही केली आणि विचारलं, “जुना कागद मला मिळेल?”

“असल कागद मी देत नाही,” भय्यासाहेब म्हणाले. “झेरॉक्स घे.”

सुहासने झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली. भार्गवीने ते बघितलं.

कागद बदलला म्हणून घर लगेच रिकामं होत नाही. सुहास आता तिला भार्गवी म्हणतो, पण आधी थांबून. मोरीतून टॉवेल मागताना अजून विनू म्हणतो. ती ओ देत नाही, टॉवेल देते. दवाखान्याचा फोन येतो. ती म्हणते, “वो अब यहाँ नहीं रहतीं।” पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. आणि पावणेचारला वरचा नळ अजून तसाच उघडतो, थोडासा, मग थांबून, मग वाढत. एकदा मी तिला विचारलंच, नळ असा उघडायला कोणी शिकवलं. ती म्हणाली, “कोणी नाही. तो नळच तसा आहे. एकदम उघडला तर अंगावर उडतो.” मी वर जाऊन बघितलं. वॉशर ठीक होता. पाणी अंगावर उडलं नाही. मी तिला तसं सांगितलं नाही.

नव्या भावाचा फरक दर महिन्याला देऊन तिच्याकडे थोडं उरायला लागलं. ते तिने स्वतःवर खर्च केलं नाही. पितृपक्षाच्या आधी ती तो मोरपंखी ब्लाउज पिशवीत घालून गोपाल मंदिराच्या बाजूच्या बाजारात गेली, सुलूला बरोबर घेऊन. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसतो, म्हणून प्रत्येक साडी दाराबाहेर उजेडात आणून ब्लाउजला लावून बघितली. चार दुकानांत जमलं नाही. दुकानदार वैतागले. पाचव्या दुकानात तांबूस काठाची मिळाली.

नवमीला राम घाटावर त्याच पंड्याने वही उघडली, दोन नावं विचारली, दोन वेगळी नावं लिहिली आणि मान हलवली. “अब ठीक है।” या वेळी भार्गवीने पदर ओढला नाही. घरी तिने सुलूला जेवू घातलं, ओटी भरली आणि साडी दिली. घडीत तो ब्लाउजही ठेवला होता. सुहासने साडी बघितली, रंग ओळखला आणि उठून गॅलरीत गेला. भार्गवी त्याच्या मागे गेली नाही. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, “दिवाळीला घ्यायची राहिली होती ना. घेतली.”

ब्लाउज सुलूला होत नाही, दंडात अडकतो. तो आमच्या कपाटात आहे. साडी सुलूने एकदा नेसली, मग ब्लाउजवरच घडी करून ठेवली. त्या साडीला भार्गवीची अकरा दिवसांची मजुरी लागली.